पहिलं धुवण

सोमवार, ३

आलो एकदाचे! दोन खोल्या, सगळ्यात वरचा मजला, आणि पुढच्या खोलीला एवढी मोठी खिडकी की ताई म्हणाली, यांची भिंत बांधायचीच राहिली वाटतं. सकाळभर ऊन आत लोळत असतं. घरमालकीणबाई खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या नियम सांगितले: जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत, भिंतीला खिळा मारायचा नाही, नळ उघडा टाकायचा नाही. ताईनं अगदी गरीब चेहरा करून विचारलं, श्वास घेतलेला चालतो ना हो? बाईसुद्धा हसल्या.

सगळ्यात मोठी मिरवणूक ताईच्या पायमशीनची. दोन हमालांनी ती जिन्यातून वर चढवली आणि मग त्याच दोघांनी ताईला खुर्चीसकट उचललं. बँडेजवाला पाय पुढे ताणून ती वरून हुकूम सोडत होती: मशीनला जपा रे बाबांनो, मी पडले तर मला टाके घालता येतात.

ही वहीसुद्धा तिचीच. गिऱ्हाइकांच्या मापांची, अर्धी कोरी राहिलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलंय: उंची, छाती, कंबर, बाही, गळा. रोजनिशीला नवीन वही आणते म्हटलं तर ताई म्हणाली, तागा शिल्लक असताना नवीन कापड कशाला फाडायचं? तर मग आजची मापं. उंची: स्वर्गाला दोन बोटं कमी. छाती: फुगलेली. गळा: जरा दाटलेला.

दाटलेला का, तेही लिहून टाकते. ताईच्या डाव्या टाचेला अकरा महिने जखम आहे. साखरेचा आजार, भरतच नाही. जुन्या डॉक्टरांनी तारीख दिलीय, चोवीस. तोवर जखम भरायला लागली नाही तर पाय गुडघ्याखाली कापायचा. आई-बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, ताई अठराची. त्या पायानं मशीन मारून तिनं मला शाळा, कॉलेज, एम.एस्सी. सगळं केलं. ती म्हणते, एका पायानं नवरा सांभाळता येतो गं, मशीन नाही.

आणि मला नोकरी कुठे लागावी? पानांपासून जखमेचं औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालंय.

मंगळवार, ४

प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या आणि मागे काचेचं घर, झाडांसाठी. माणसंही तीनच. मॅडम, माळीकाका, मी. मॅडमचा चष्मा गळ्यात दोरीला लटकतो आणि त्या तो दिवसभर शोधतात. मला 'तुम्ही' म्हणतात आणि काचेच्या भांड्यांना 'बाळा'.

काम सांगायला गेलं तर काढा करण्याइतकं सोपं. पानं धुवायची, सुकवायची, कुटायची, पाण्यात उकळून गाळायची. फिकट पिवळं पाणी मिळतं. त्यात चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी थेंब थेंब सोडायचं आणि भांडं उन्हात ठेवायचं. पानातलं काहीतरी त्या विरघळलेल्या चांदीला धरतं, आणि तिचे इतके बारीक कण होतात की केसाच्या जाडीत हजारो मावतील. झालं की नाही ते रंगावरून कळतं. पिवळ्याचं तपकिरी, तपकिरीचं जवळजवळ काळं. माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी चष्मा शोधला.

हे कण मलमात घालायचे. चांदी जंतू मारते, जखम भरते. उंदरांवर सगळं छान चाललंय.

ज्या झाडाची पानं वापरतो त्याला इथे मुकी म्हणतात. कमरेएवढं झुडूप, पानं जाड, हिरवी-करडी. खिडकी उघडली की बाकीची झाडं सळसळतात, ही नाही. माळीकाका दोन्ही हातांत जाड मोजे घालून तिची निगा राखतात. चहाचा कपही मोज्यांनीच धरतात. मी म्हटलं, काका, एवढ्या उकाड्यात? म्हणाले, मला थंडी वाजते.

गुरुवार, ६

आज मुकीचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, झाड त्यांतून श्वास घेतं, हे शाळेतलं पोर सांगेल. मी सात पानं बघितली. एकही भोक नाही. गुळगुळीत, पत्र्यासारखं. मॅडमना विचारलं, मग ही श्वास कसा घेते? त्या म्हणाल्या, तिचं तिला ठाऊक, आपल्याला तिचा काढा ठाऊक. माळीकाका म्हणाले की तिच्या पानाला कधी किडीनं पाडलेलं भोक दिसायचं नाही. फांदी छाटली तर दुसऱ्या दिवशी कुठे छाटली ते शोधत बसावं लागतं.

सगळ्यात कंटाळवाणं काम धुण्याचं. तयार झालेलं पाणी यंत्रात गरगर फिरवायचं. चांदी तळाला बसते, वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं पाणी घालून परत फिरवायचं. असं तीनदा. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय: तीन वेळा धुवायचं. त्याखाली कुणीतरी पेन्सिलनं: तीन म्हणजे तीन. पानातला उरलासुरला अंश त्या धुवणात निघून जातो. धुवण मोरीत ओतायचं नाही, काळ्या कॅनमध्ये साठवायचं. शनिवारी माळीकाका ते नेऊन जाळतात.

माझ्याआधी इथे एक मुलगी होती. तिची नोंदवही मला मिळालीय. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. शेवटच्या चार-पाच पानांवर मात्र मोठं, वेडंवाकडं, मुठीत पेन धरून लिहिल्यासारखं. घाईत असणार. मॅडम म्हणाल्या, आजारी पडली, घरी गेली. माळीकाका पाणी घालायला उठून गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

शनिवार, ८

धीर करून मॅडमना विचारलं, मलमाची एक ट्यूब मिळेल का, ताईसाठी. ट्यूबवर नंबर असतात, कपाटाला कुलूप असतं, म्हणून मागूनच घ्यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताईचं वय विचारलं, साखर किती ते विचारलं. मग म्हणाल्या, माणसांवर वापरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तुमच्या ताईचा पाय गेला तर मला वाईट वाटेल, पण माझ्या औषधानं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

त्यांचं बरोबर आहे. मला राग आला आणि त्यांचं बरोबरही आहे.

दोन-तीन वर्षं. आमच्याकडे सोळा दिवस आहेत.

सोमवार, १०

केलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला मीच खोटं सांगायला नको.

ट्यूब मोजतात. धुवण कुणी मोजत नाही. पहिल्या धुवणात थोडी चांदी उरतेच, आणि पानाचा अंशही. म्हणजे तेच औषध, फक्त पातळ. पातळ म्हणजे सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक. असा विचार एम.एस्सी. झालेल्या मुलीनं केला. एक तपकिरी बाटली भरली आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली.

ताईनं वास घेतला आणि विचारलं, चोरलंस? मी म्हटलं, टाकूनच देतात गं. तर म्हणाली, मग चालेल, टाकाऊपासून टिकाऊ हा आपला खानदानी धंदा.

कापसाचा बोळा भिजवून टाचेवर बांधला. उन्हात हे चांगलं काम करतं, म्हणून खुर्ची खिडकीशी ओढून पाय उन्हात ठेवायला सांगितलं. तेही मीच सांगितलं.

बुधवार, १२

वास गेला! अकरा महिन्यांचा तो गोडसर वास. कडा गुलाबी झाल्यात. ताई म्हणते मुंग्या येतात, आतून कुणीतरी बारीक तुरपाई घालतंय असं वाटतं.

शुक्रवार, १४

टेपनं मोजलं. सोमवारी साडेचार सेंटिमीटर, आज दीड. मी तीन वेळा मोजलं. ताई म्हणाली, शहाणे, माप कितीदा घेतलंस तरी बाई तीच राहते.

रविवार, १६

भरली!

वणसुद्धा नाही. टाच गुळगुळीत, थोडी करडी, चांदीच्या वाटीच्या बुडासारखी चमकते. ताईनं तासभर मशीन मारलं. नुसतं, सुईत दोरा न ओवता, खटखटखट. घरमालकीणबाई खालून वर आल्या, म्हणाल्या, काम जोरात दिसतंय. ताई म्हणाली, हो, पाय शिवून झाला, आता बाकीचं.

मी मोरीत जाऊन रडले. डॉक्टरांना फोन करून तारीख रद्द केली. ते म्हणाले, फोटो पाठवा. पाठवला. ते म्हणाले, कुणाच्या पायाचा आहे?

बाटली आता मशीनवरच असते. सुई टोचली की ताई थेंबभर बोटाला लावते. क्षणात मिटतं, म्हणते. मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते, सुईत ओवते आणि पुढे चालू.

मंगळवार, १८

ताईच्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं चिकटलीत. चिकटली म्हणजे मधे फटच नाही, फट कधी होती असं वाटतच नाही. ती म्हणाली, बघ, फुकटात मोजा मिळाला. हसलो आम्ही.

माझ्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्यात. सकाळी फोन उघडेना, अंगठा ओळखेना. मी रोज तिचं बँडेज उघड्या हातांनी बांधत होते.

नखं खायची सवय मला. लहानपणापासून.

बुधवार, १९

ताईच्या कानातलं निघत नाही. काडी पुढून आत जाते आणि मागे नुसती कातडी. भोक मिटलंय, काडी आतच. उजव्या कानाचंही तेच.

जांभई देताना तिचं तोंड अर्धंच उघडलं. आधी तिला वाटलं, कोपरे फुटलेत. मी दिव्याखाली नेऊन बघितलं. फुटलेले नाहीत. उलट. दोन्ही कोपऱ्यांत ओठ बोटभर जुळलेत, शिवण दिसू नये अशी शिवण.

मी टेप आणला. तिनं मस्करी केली नाही.

गुरुवार, २०

मॅडमना सांगितलं. सगळं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: पहिलं धुवण, का दुसरं?

पहिलं, म्हटलं.

त्या खाली बसल्या. स्टुलावर नाही, जमिनीवर.

माळीकाकांनी न सांगता मोजे काढले. डाव्या हाताला बोटं नाहीत. म्हणजे आहेत, आत आहेत, वरून एकच कातडी, करडी, गुळगुळीत. ते म्हणाले, दोनदा कापून सुटी केली डॉक्टरांनी. कापलं की ती नवी जखम झाली. जखम दिसली की हे मिटवतंच. दर खेपेला जास्त जाड. आता कापत नाही, उजेडात काढत नाही. मी वाचलो कारण मी तोंडाला हात लावला नव्हता.

मग मॅडमनी खालच्या कपाटातून खोका काढला. आत कापसावर एक उंदीर होता. उंदीर कशाला म्हणू, अंडं होतं करड्या कातडीचं, शेपूट असलेलं. डोळे नाहीत, तोंड नाही, कान नाहीत. आधीच्या मुलीनं धुवणाचं काय होतं ते बघायला केलेला प्रयोग. मॅडम सांगत होत्या: चांदीचा दोष नाही. चांदी फक्त त्या पानाच्या अंशाला कातडीत घेऊन जाते आणि तिथे बसवते. त्या अंशाला जखम आणि तोंड यातला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की इथे उघडं आहे. ऊन मिळालं की जोर येतो.

मी विचारलं, भिंतीवर हे का नाही लिहिलं? तीन वेळा धुवायचं लिहिलंत, का ते का नाही लिहिलं? त्या म्हणाल्या, लिहिलं असतं तर काम बंद पडलं असतं. धुतलेलं औषध खरंच चांगलं आहे हो. खरंच.

आधीची मुलगी कुठे आहे ते विचारलं. माळीकाका म्हणाले, आहे की घरी. तिची आई तिला उन्हात नेत नाही.

आहे, म्हणाले.

शुक्रवार, २१

इस्पितळ. मॅडम सोबत होत्या. डॉक्टर तरुण, चांगला, सारखा ताईशी बोलत होता. त्यानं मोठ्या दिव्याखाली ओठांचे कोपरे कापले. नर्सनं रक्त टिपलं. पुढच्या टेबलावरचं काम उरकून तो परत आला तेव्हा कोपरे मिटले होते. आधी बोटभर होते, आता दोन बोटं. मधे पेन्सिल जाईल एवढी फट उरली.

मी ओरडले, दिवा बंद करा. त्यांना वाटलं, मला भोवळ आली.

गळ्याला भोक पाडून नळी घाला म्हटलं. डॉक्टर म्हणाला, तेही उघडंच की. नळीवरून कातडी चढेल, आणि ती जखम मीच केलेली असेल. उद्या चार मोठे डॉक्टर बोलावतो. ताईनं शिवणाच्या खडूनं माझ्या बाहीवर लिहिलं: घरी.

शनिवार, २२

ताईनं काळ्या अस्तराचा पडदा शिवला. दुहेरी. उजेडातच शिवायला लागला, माप बरोबर यायला हवं म्हणाली. म्हणजे लिहिलं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात सरळ शिवण.

आता अंधार. अंधारात हळू होतं. थांबत नाही, हळू होतं. जिन्यातला उजेड नको म्हणून दाराला आतून कडी.

मॅडम मोजे घालून येतात, पेज आणतात, काचेच्या बारीक नळ्या आणतात. तोंडात एक, नाकात एक. काचेला कातडी धरत नाही, पण कडेवरून चढते. दर दोन तासांनी काढायची, पुसायची, परत घालायची. चिमटीत धरून.

छापलेल्या मापांपुढे आज हे लिहिते:

तोंड: ६ मिलिमीटर.
डावी नाकपुडी: ४.
उजवी: बंद.

सोमवार, २४

आज पाय कापायची तारीख होती.

पाय ठणठणीत आहे. ताईनं मला दाखवला, वर करून, टाच फिरवून. तिच्या डोळ्यांत हसू होतं. डोळे अजून होते.

आता ती पाटीवर लिहिते, खडू दोन्ही हातांत धरून. लिहिलं: तुझा दोष नाही. मग ते पुसून लिहिलं: थोडा आहे. मी हसले आणि माझ्या ओठांचा डावा कोपरा हसला नाही.

मंगळवार, २५

मॅडमनी माझं तोंड बघितलं. चष्मा डोळ्यांवरच होता तरी शोधत राहिल्या. त्या दुसऱ्या शहरात कुणाला तरी भेटायला जातायत, पानाचा अंश तोडणारं काहीतरी त्याच्याकडे असेल म्हणतात. असेल. तीन दिवस लागतील, शनिवारी परत येतील. तीन दिवसांच्या नळ्या देऊन गेल्या. माळीकाकांना पाठवीन म्हणाल्या.

ताईचे डोळे दुपारी मिटले. तिला वाटलं, झोप येतेय.

बुधवार, २६

ऐकू कमी येतं तिला, कान भरत आलेत. पाय मात्र चालतो. ठरवलंय आम्ही. मी मशीनच्या फळीवर हात आपटायचा, तिला लाकडातून कळतं. ती पायपट्टीवर पाय मारते. एक ठोका हो. दोन ठोके नाही.

पाटीवर शेवटचं लिहिलं, न बघता, ओळ वर चढलेली: माझं सगळं बंद होत आलं की पडदा उघड. अंधारात गुदमरवू नकोस. उन्हात पटकन होईल. पण आधी मला विचार. माझं माप मला विचारून घ्यायचं.

मग खडू पडला. उचलता आला नाही. मलाही नाही. अंगठा आणि पहिलं बोट जुळलंय.

तीन वेळा फळी आपटली की तो पडद्याचा प्रश्न. असं ठरलं. तिनं एक ठोका दिला. कळलं म्हणून.

गुरुवार, २७

दार वाजलं. माळीकाका. हाका मारत होते, ए पोरी, उघड. कडी ओढता येईना. चिमूट नाही. मूठ घसरते. ओरडायला गेले, फुंकर निघाली. ताई पाय मारत होती, खटखटखट, मदतीला या म्हणून. मी दारावर मूठ आपटली, ती त्याच खटखटीत बुडाली. जिन्यातून घरमालकीणबाई म्हणाल्या, अहो काम चालू आहे त्यांचं, ऐकताय ना, उद्या या. बाई खुशीत होत्या. मशीन चालतंय म्हणजे ठीक असतील, काका म्हणाले. पावलं खाली गेली.

फोन. काच माझ्या बोटाला बोट समजत नाही.

नळी बदलली. दोन मनगटांत धरून. वीस मिनिटं लागली. तिची छाती —

शुक्रवार, २८

लिहिता येतं. गंमत बघ. पेन मुठीत होतं तेव्हाच मूठ मिटली. आता पेन सुटत नाही. एवढं एकच काम उरलंय या हाताला. नळी धरता येत नाही, कडी नाही, फोन नाही. लिहिता येतं.

अक्षर ओळखीचं वाटतंय. त्या नोंदवहीतलं, शेवटच्या पानांवरचं.

पडदा बोटभर सरकवलाय, पान दिसावं म्हणून. उजेडाची पट्टी वहीवरच पडेल असं बसलेय. ताईवर नाही. तिच्यावर पडू देत नाही —

नळीच्या कडेवरून कातडी चढलीय. पुसायला हवी होती सकाळी.

दुपार

शीळ. तिचा श्वास शीळ घालतो. बारीक. मधे थांबतो. मी मोजते. सात. अकरा.

मॅडम उद्या येणार. उद्या. येतील तर. त्यांच्याकडे काही असेल तर. आणि दार —

नळी दातांनी ओढून बघितली. माझे दात बाहेर येत नाहीत एवढे.

पडदा मुठीनं ओढता येतो. नळी मुठीनं धरता येत नाही. म्हणजे मला एवढंच —

माझा डावा डोळा जड होतोय. झोप नाही ती. मला माहितेय आता.

चार वाजून —

शीळ जवळजवळ नाही. तिची छाती ओढतेय, पोट आत. ताई. ताई गं.

उद्यापर्यंत थांबू? का उघडू? मी नाही ठरवू शकत. तिनं सांगितलंय, विचार.

आपटले. तीन वेळा. फळीवर. जोरात.

काही नाही.

परत. तीन.

पाय हलला —

एक.

एक ठोका. हो म्हणजे. हो, उघड. की दोनातला पहिला? नाही म्हणत असेल तर अजून एक येईल. दम लागलाय तिला, वेळ लागेल. थांबते. पडद्यापाशी उभी आहे, दुसरी मूठ कापडात अडकवलीय, वही खिडकीच्या कट्ट्यावर. पाय पट्टीवरच आहे. बघतेय. एवढं उघडायचं आणि नंतर दुसरा ठोका आला तर — थांबते. एक झाला. पाय वर उचललाय का तो, का नुसता —

ताई, अजून एक दे, नाहीतर देऊ नकोस, पण मला